गवतफुलांना लग्नात मान देणारी कॉन्स्टन्स

लग्नसराई जवळ आली, की घरात याद्या सुरू होतात. कार्यालय, केटरर, बस्ता, आचारी, घोडा, बँड. त्यात अलीकडे एक नवा आकडा येऊन बसलाय, तो स्टेजच्या फुलांचा. पूर्वी आंब्याचे टहाळे, केळीचे खांब आणि झेंडूच्या माळा एवढ्यावर मांडव सजायचा. आता डेकोरेटर अल्बम उघडून दाखवतो. ऑर्किड, जरबेरा, कार्नेशन, लिली. झेंडू म्हटलं की मुलीचीच नाकं मुरडतात. आई बिचारी मनातल्या मनात हिशेब करत गप्प बसते.

अशा वेळी मला इंग्लंडमधली एक बाई हटकून आठवते. कॉन्स्टन्स स्प्राय तिचं नाव. 1886 ते 1960 हा तिचा काळ. राजघराण्यातल्या आणि बड्या घरच्या समारंभांची फुलं तिने सजवली, पण तिची ओळख राहिली ती रस्त्याकडेच्या गवतफुलांसाठी, कोबीच्या जातीतल्या पानांसाठी आणि वाळक्या शेंगांसाठी. ज्याला कुणी फूल म्हणायला तयार नव्हतं, ते तिने उचललं आणि थेट चर्चमध्ये, नवरा-नवरीच्या शेजारी नेऊन ठेवलं. इंग्लंडमध्ये तिचं नाव घराघरात माहीत होतं. आपल्याकडे मात्र तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही, म्हणून आज तिची गोष्ट.

तिचा जन्म डर्बी गावचा, 5 डिसेंबर 1886 चा. माहेरचं आडनाव फ्लेचर. वडील जॉर्ज फ्लेचर रेल्वेत साधे कारकून होते. पण गृहस्थ मोठे चिकाटीचे. शिकत शिकत ते शिक्षण खात्यात मोठ्या जागेवर पोहोचले. त्यांच्या बदलीमुळे कुटुंब आयर्लंडला गेलं. घरात भाऊच भाऊ आणि ही थोरली. थोरल्या मुलीचं बालपण किती असतं ते तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको.

आयर्लंडमध्ये ती आरोग्य आणि घरगुती शुश्रूषा हे विषय शिकली. तेव्हा तिथे क्षयरोगाने थैमान घातलं होतं. लेडी अ‍ॅबरडीन यांनी स्त्रियांची एक आरोग्य संघटना उभी केली होती. तिच्या वतीने ही तरुण मुलगी गावोगाव फिरून गरीब बायांना स्वच्छता, प्रथमोपचार, आजाऱ्याची काळजी यावर व्याख्यानं द्यायची. फुलांशी याचा काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे. लोकांसमोर उभं राहून साध्या शब्दांत समजावून सांगायची हातोटी तिला इथेच लागली आणि पुढे तीच तिच्या कामी आली.

1910 मध्ये तिचं लग्न झालं. नवरा जेम्स मार हा खाणीचा व्यवस्थापक. किलकेनी परगण्यात खाणीजवळच्या आडगावी बिऱ्हाड. दोन वर्षांनी मुलगा झाला, अँथनी. पण संसार सुखाचा नव्हता. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर ती डब्लिनमध्ये रेडक्रॉसचं काम बघू लागली आणि 1916 मध्ये मुलाला घेऊन तिने आयर्लंडच सोडलं. इंग्लंडमध्ये बॅरो-इन-फर्नेस या कारखान्यांच्या गावी कामगार बायकांच्या कल्याणाची जबाबदारी तिने घेतली. पुढे विमाननिर्मितीच्या सरकारी खात्यात स्त्री-कर्मचाऱ्यांची प्रमुख झाली. त्या काळात नवऱ्याचं घर सोडून, पदरात चार वर्षांचं पोर घेऊन नोकरीवर उभं राहणं म्हणजे काय, याची कल्पना करा. आजही आपल्या गावात अशा बाईकडे लोक कसे बघतात ते आपण जाणतोच.

1921 साली ती लंडनच्या पूर्व भागातल्या एका शाळेची मुख्याध्यापिका झाली. हा भाग गरिबांचा. होमर्टन आणि साउथ हॅकनी असं शाळेचं नाव. चौदा-पंधराव्या वर्षीच शाळा सोडून कारखान्यात लागलेल्या मुलांसाठी ही शाळा होती. ती आठवड्यातला थोडा वेळ इथे येऊन पुढचं शिकायची. स्वयंपाक, शिवण असे विषय असायचे. कॉन्स्टन्सला बागेचं वेड होतंच. ती मुलींना फुलं मांडायला शिकवू लागली. या मुलींच्या घरी बाग कुठली? अंगणही नाही. काळपट विटांच्या चाळीसारख्या घरांतून यायच्या त्या. दुकानातली महाग फुलं या मुलींच्या कामाची नव्हती. त्यांना उपयोगी पडेल ते असं हवं, जे फुकट मिळेल किंवा चार पैशांत मिळेल आणि घरातल्याच भांड्यात ठेवता येईल. माझ्या मते कॉन्स्टन्सची सगळी कला या शाळेत रुजली. पुढे श्रीमंतांनी तिला डोक्यावर घेतलं खरं, पण मुळात तिचं काम ज्यांच्याकडे काहीच नाही अशा मुलींसाठी सुरू झालं होतं. हे विसरलं की ती नुसती फॅशनवाली वाटते.

याच काळात हेन्री स्प्राय तिच्या आयुष्यात आला. सगळे त्याला शाव म्हणत. दोघं नवरा-बायको म्हणून एकत्र राहू लागली आणि तिने त्याचं आडनाव लावलं. पण त्यांचं कायद्याने लग्न कधीच झालं नव्हतं! हे जगाला पुष्कळ उशिरा कळलं. स्यू शेफर्ड या लेखिकेने 2010 मध्ये तिचं चरित्र लिहिलं, त्यात हे सविस्तर आलं. इंग्लंडमधल्या किती नववधूंच्या हातात तिच्या दुकानातला गुच्छ होता, आणि ती स्वतः मात्र जन्मभर हे गुपित सांभाळत जगली.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. 1920 च्या दशकातली इंग्लंडमधली फुलवाल्यांची दुकानं डोळ्यांसमोर आणा. कार्नेशन आणि गुलाबांना तारा टोचून ताठ उभं केलेलं. सोबत बारीक पानांची ती ठरावीक हिरवी नक्षी. लग्न असो वा मयत, मांडणी तीच. महाग फुलं, थोडी फुलं आणि सगळी एका साच्यातली. एका चित्रपटगृहांच्या मालकाने कॉन्स्टन्सची घरगुती फुलरचना बघून तिला आपल्या थिएटरांचं काम दिलं. मग नॉर्मन विल्किन्सन या नेपथ्यकाराच्या ओळखीने लंडनच्या ओल्ड बाँड स्ट्रीटवरच्या अ‍ॅटकिन्सन्स या अत्तरांच्या दुकानाच्या खिडक्या सजवायचं काम आलं.

बाँड स्ट्रीट म्हणजे श्रीमंतांचा रस्ता. तिथे कुणीही दुर्मीळ फुलं मागवली असती. हिने काय केलं? कुंपणावर वाढणाऱ्या रानवेली आणल्या. त्यातल्या एकीला तिकडे गमतीने म्हाताऱ्याची दाढी म्हणतात. फुलं गळाल्यावर वेलीवर पांढरे, पिसासारखे तुरे राहतात ते. आपल्या सह्याद्रीत मोरवेल असते ना, तिच्याच जातकुळीतली ही वेल. तिच्या जोडीला झुडपांच्या फांद्या, पानं आणि मोजकीच हिरवट ऑर्किडं. एरवी लोक ज्याच्याकडे न बघता पुढे जायचे, तेच काचेआड बघायला आता गर्दी जमू लागली. ऑर्किडचं मला विशेष वाटतं. तिने महाग फूल टाकून दिलं नाही. त्याला गवताच्या पंगतीला बसवलं. एवढ्याने दोघांचीही शोभा वाढली.

1929 मध्ये, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, तिने शाळेची पगारी नोकरी सोडली आणि लंडनमध्ये छोटं दुकान काढलं. नाव साधंच, ‘फ्लॉवर डेकोरेशन्स’. पाच वर्षांत ते मेफेअरसारख्या उच्चभ्रू वस्तीत साउथ ऑडली स्ट्रीटवर गेलं आणि हाताखाली सत्तरएक माणसं कामाला लागली. 1934 मध्येच तिचं पहिलं पुस्तक निघालं आणि फुलरचना शिकवणारी शाळाही सुरू झाली. एवढ्या पसाऱ्यात ती पुढे पुढे पुस्तकं लिहितच राहिली.

ती नेमकं काय वापरायची ते सांगते, कारण खरी गंमत तिथेच आहे.

काऊ पार्सली म्हणून तिकडे एक रानटी झाड असतं. मे महिन्यात इंग्लंडमधल्या गावच्या रस्त्यांच्या दोन्ही कडा त्याने पांढऱ्याशुभ्र होतात. परसातली कोथिंबीर किंवा शेपू फुलावर आलेली आठवा. तेच कूळ, तशीच छत्रीसारखी, जाळीदार, नाजूक फुलं. शेतकऱ्यांच्या लेखी ते तणच. कॉन्स्टन्सने त्याच्या मोठमोठ्या रचना लग्नाच्या चर्चमध्ये नेल्या. एकेकटं काऊ पार्सलीचं फूल काहीच नाही, पण शंभर देठ एकत्र आले की पांढरा ढग उतरल्यासारखा दिसतो. नवरीच्या पांढऱ्या झग्यामागे याहून शोभेल असं काय असणार? आणि किंमत? तोडणाऱ्याच्या मजुरीइतकी.

मग केल नावाची भाजी. कोबीचीच चुलत बहीण, जांभळट आणि झालरीसारख्या कडांची. ही भाजी मंडईतून आणून तिने लाल गुलाबांत खोवली. रुबार्बची पानं, आपल्या अळूसारखी मोठाली, ती घेतली. आटिचोक ही भाजी घेतली. रानात उभ्या वाळलेल्या बियांचे तुरे, गवताची कणसं, शेवाळ चढलेल्या फांद्या, ब्लॅकबेरीच्या कच्च्या-पक्क्या घोसांसकट डहाळ्या. लाइम नावाचा एक मोठा वृक्ष तिकडे असतो, लिंबाशी त्याचा काही संबंध नाही. त्याची फुलं हिरवट, पानांच्या गर्दीत दिसतच नाहीत. ही बाई फांदीवरची सगळी पानं खुडून टाकायची. मग नुसती फुलं लोंबायला लागली की लोक विचारायचे, हे कुठलं परदेशी फूल?

भांड्यांचंही तसंच. महागड्या काचेच्या फुलदाण्यांवर तिचा भर नव्हता. रस्सा वाढायची लांबट वाटी, सुपाच्या मोठ्या भांड्याचं उलटं ठेवलेलं झाकण, पक्ष्याचा पिंजरा, स्वयंपाकघरातले भाजायचे ट्रे, जुन्या बाजारातून आणलेलं काहीबाही. पुढे फुलहॅम पॉटरी या कारखान्याने तिच्यासाठी पांढऱ्या, होडीच्या आकाराच्या फुलदाण्या बनवल्या. त्याही साध्याच होत्या. रुखवतात आपण घरातल्या वस्तूंना नटवतो ना, तेच डोकं.

पण एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. रानातून गवत आणलं आणि खोचलं, एवढं सोपं हे नव्हतं. उलट स्वस्त फुलाला मेहनत जास्त. बाजारातलं कार्नेशन आठवडाभर टिकतं. रानफूल तोडल्या तोडल्या मान टाकतं. म्हणून पहाटे किंवा संध्याकाळी तोडायचं, लगेच बादलीत पाण्यात खोल उभं करायचं, रात्रभर थंड जागी ठेवायचं. कठीण फांदीचा बुडखा चिरायचा किंवा ठेचायचा, म्हणजे पाणी चढतं. पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची, नाहीतर ती कुजून पाणी नासतं. भांड्यात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी चुरगाळून बसवायची आणि तिच्या भोकांतून देठ रोवायचे. देठ सैल राहतो, फूल आपल्या मूळ झुकावाने झुकतं. तार टोचून ताठ केलेल्या गुलाबात आणि यात हाच फरक.

लग्नाच्या चर्चमध्ये तर आणखी विचार. माणसं उभी राहिली की खाली ठेवलेली फुलं दिसेनाशी होतात. म्हणून उंच बैठकीवर थोड्याच पण भरगच्च रचना करायच्या. ठिकठिकाणी चिमूटभर फुलं पेरून खर्च वाढवायचा नाही. आपल्याकडे स्टेजच्या कडेने रांगेत लावलेल्या कुंड्या पाहुण्यांच्या खुर्च्यांआड कशा गडप होतात, ते आठवून बघा.

हेही सांगायला हवं, की तिचं बिल स्वस्त नसायचं! श्रीमंत यजमानीण गवतासाठी चांगले पैसे मोजायची आणि लोक कुजबुजायचे. पण मला त्यात गैर काही वाटत नाही. फूल फुकटचं होतं, पहाटेची तोड, रात्रीची जागरणं आणि सत्तर माणसांचे पगार फुकट नव्हते. बाईच्या हातच्या कामाचे पैसे मागितले की लोकांना ते जास्तच वाटतात, मग ते शिवण असो, पापड-लोणची असोत की फुलं.

1932 मध्ये तिची ग्लक या चित्रकर्तीशी ओळख झाली. ग्लक पुरुषी पोशाखात वावरणारी, अत्यंत हुशार. कॉन्स्टन्सच्या पांढऱ्या फुलांच्या रचना तिने रंगवल्या. दोघींमध्ये प्रेमाचं नातं होतं आणि ते 1936 पर्यंत टिकलं. त्या काळच्या समाजात हे उघड बोलण्यासारखं नव्हतं. ग्लकमुळे अनेक बडी घरं कॉन्स्टन्सची गिऱ्हाइकं झाली, आणि कॉन्स्टन्सच्या फुलांमुळे ग्लकला चित्रांचे विषय मिळाले.

मग आलं 1937 चं ते गाजलेलं लग्न. इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड याने वॉलिस सिम्पसन या घटस्फोटित अमेरिकन बाईसाठी डिसेंबर 1936 मध्ये राजगादी सोडली. दोघांचं लग्न 3 जून 1937 रोजी फ्रान्समधल्या कांदे इथल्या एका वाड्यात झालं. राजघराण्यातलं कुणीही आलं नाही. पाहुणे हातावर मोजण्याइतके. अशा लग्नाची फुलं करायला जाणं म्हणजे लंडनमधल्या मोठ्या गिऱ्हाइकांची नाराजी ओढवून घेणं. वॉलिस तिची जुनी गिऱ्हाईक होती. कॉन्स्टन्स गेली. आपल्या एका मदतनीस मुलीला घेऊन गेली आणि तो सुनासुना वाडा तिने फुलांनी भरून काढला. तिथे पिओनी आणि लिली अशी उंची फुलंही होती, खोटं कशाला बोला. ती काही स्वस्ताईचं व्रत घेतलेली बाई नव्हती. फुलाचा भाव किती यावरून त्याची जागा ठरवायची नाही, एवढंच तिचं म्हणणं. आणि सगळ्या जगाने पाठ फिरवलेल्या नवरीच्या लग्नालाही फुलं हवीतच, हे तिला कळत होतं. स्वतःचं पहिलं लग्न मोडून उभी राहिलेली बाई होती ती.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि फुलांचे मळे गेले. तिथे बटाटे, कांदे, भाज्या लावायचा हुकूम आला. रेशन सुरू झालं. कॉन्स्टन्स पुन्हा आपल्या जुन्या कामाला लागली. देशभर फिरून बायकांना भाज्या पिकवायला आणि आहे त्यात चांगलं शिजवायला शिकवू लागली. 1942 मध्ये यावर तिने पुस्तकही लिहिलं. त्या वर्षांत लग्नं काही थांबली नव्हती. नवरदेव आठ दिवसांची रजा काढून यायचा, नवरी कुणाचा तरी मागून आणलेला झगा घालायची. दुकानातली फुलं मिळायची नाहीत, मिळाली तर परवडायची नाहीत. कुंपणावरची फुलं, परसातली पानं हाच आधार. जी गोष्ट श्रीमंतांनी हौस म्हणून केली, ती आता सगळ्यांची गरज झाली.

युद्धानंतर 1946 मध्ये रोझमेरी ह्यूम या पाककलातज्ज्ञ मैत्रिणीबरोबर तिने विंडसरजवळ विंकफील्ड प्लेस इथे मुलींसाठी निवासी शाळा काढली. स्वयंपाक, फुलं, घर सांभाळणं, सगळं एका छताखाली. 1953 च्या जून महिन्यात राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला, तेव्हा मिरवणुकीच्या मार्गावरच्या आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेच्या फुलांची जबाबदारी कॉन्स्टन्सकडे होती. परदेशी पाहुण्यांच्या जेवणाचा भारही याच शाळेवर. थंड कोंबडीला करी पावडर, मेयोनेझ आणि जर्दाळूचा गर लावून जो पदार्थ रोझमेरीने तेव्हा बसवला, तो ‘कॉरोनेशन चिकन’ म्हणून प्रसिद्ध झाला. मसाला आपला, नाव राणीचं! त्याच वर्षी कॉन्स्टन्सला सरकारी किताबही मिळाला. दोघींचं जाडजूड पाकपुस्तक 1956 मध्ये निघालं आणि आपल्याकडे ‘रुचिरा’ला जसं स्वयंपाकघरात स्थान आहे, तसं ते तिकडच्या घराघरात जाऊन बसलं.

पण मला तिचं 1957 चं पुस्तक जास्त महत्त्वाचं वाटतं. साध्या फुलांवरचं. त्याच्या नावातच तिने सांगून टाकलं होतं, की मूठभर चिल्लरीतही माणूस लक्षाधीश होऊ शकतो. राज्याभिषेक करून झाल्यावर, किताब मिळाल्यावर, सत्तरी गाठल्यावर ती परत कुठे आली बघा. होमर्टनच्या त्या कारखान्यातल्या मुलींपाशीच.

3 जानेवारी 1960 रोजी विंकफील्डच्या घरात जिन्यावरून पडण्याचं निमित्त झालं आणि ती गेली. वय त्र्याहत्तर. पुढच्याच वर्षी डेव्हिड ऑस्टिन या गुलाबतज्ज्ञाने आपला पहिला गुलाब बाजारात आणला, मोठा, गुलाबी, गच्च पाकळ्यांचा, आणि त्याला नाव दिलं ‘कॉन्स्टन्स स्प्राय’. हेही योग्यच झालं. जुने, सुवासिक, वर्षातून एकदाच फुलणारे गुलाब लोक उपटून टाकत होते, तेव्हा ती ते हौसेने गोळा करून जपत होती. तिच्या नावाचा गुलाबही वर्षातून एकदाच बहरतो.

मरणानंतर चव्वेचाळीस वर्षांनी मात्र तिच्यावरून लंडनमध्ये भांडण झालं. 2004 मध्ये तिथल्या डिझाइन म्युझियमने तिच्या कामाचं प्रदर्शन भरवलं. म्युझियमचे अध्यक्ष होते जेम्स डायसन, व्हॅक्यूम क्लीनरवाले. यंत्रं, वस्तूंची रचना यासाठी असलेल्या म्युझियममध्ये फुलं कशाला, या रागाने त्यांनी राजीनामा दिला. संस्थापक टेरेन्स कॉनरन यांनाही प्रदर्शन रुचलं नव्हतं. गंमत बघा, धूळ ओढणारं यंत्र म्हणजे डिझाइन, आणि ज्या घरातली धूळ काढायची त्या घराला शोभा आणणारं काम म्हणजे बायकी हौस! जाळी बसवणं, पाण्याचा हिशेब, उंची, तोल, रंग, टिकाऊपणा, यात रचना नाही तर काय आहे? प्रदर्शन ठरल्याप्रमाणे झालं हे बरं.

2021 मध्ये लंडनच्याच गार्डन म्युझियमने तिच्यावर पुन्हा प्रदर्शन भरवलं. ते शेन कॉनॉली या फुलरचनाकाराने मांडलं होतं. हा तोच माणूस, ज्याने 2011 मध्ये राजपुत्र विल्यम आणि केट यांच्या लग्नाची फुलं केली. त्या लग्नात वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये त्याने काय उभं केलं होतं ते टीव्हीवर अनेकांनी पाहिलं असेल. वीसेक फूट उंचीची जिवंत झाडं, मेपल आणि हॉर्नबीमची, इंग्लंडच्या रानात कुठेही दिसणारी. ती कुंड्यांत लावून दोन्ही बाजूंना उभी केली आणि नवरी त्यांच्या मधून चालत गेली. लग्नानंतर ती झाडं पुन्हा जमिनीत लावायची असं आधीच ठरलेलं होतं.

2023 मध्ये राजा चार्ल्सच्या राज्याभिषेकाची फुलंही शेन कॉनॉलीनेच केली. तेव्हा देठ खोचायचा तो हिरवा फोम अजिबात वापरला नाही. आपल्याकडेही डेकोरेटर सर्रास वापरतात तो, प्लॅस्टिकसारखा, न कुजणारा. फुलं देशातल्याच मळ्यांतून, त्या मोसमात येतील तीच घेतली, आणि कार्यक्रम संपल्यावर त्यांचे छोटे गुच्छ करून आजारी आणि वृद्ध माणसांना वाटले.